बुडापासून छाटलेली मल्ली

कत्तिरीचे, म्हणजे मे महिन्यातले रणरणते ऊन लागले की चेन्नईत माणसे कोमेजतात आणि मल्ली फुलते. बाकीची झाडे माना टाकून बसलेली असताना हिलाच काय तो जोर चढतो. अंबत्तूरच्या घराच्या मागच्या अंगणात, पंपाच्या खोलीला टेकून वाढलेले ते मोगऱ्याचे झाड त्या सकाळी असे लगडले होते, की विद्यालक्ष्मीचा स्टीलचा डबा भरला, ओचा भरला, तरी फांद्या पांढऱ्याच दिसत होत्या. कळ्या टपोऱ्या, घट्ट मिटलेल्या. त्या संध्याकाळी उमलणार होत्या, म्हणजे नेमक्या तिच्या लेकीच्या, जननीच्या साखरपुड्याच्या वेळेला.

खरे तर हे झाड आज असायलाच नको होते. मार्गळी महिन्याच्या थंडीत (चेन्नईची थंडी ती, पंखा जरा हळू लावतात इतकीच) राजसअक्का तिरुवल्लिकेणीहून राहायला आल्या होत्या. विद्यालक्ष्मीचे यजमान अनंतराव, त्यांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. अक्का म्हणजे अनंतरावांची थोरली बहीण. लहानपणी आई गेल्यावर भावांना हिनेच वाढवले, त्यामुळे भाऊ गेल्याचा राग कुणावर तरी काढायला हवाच होता, तो झाडावर निघाला. "फुलं घालणारी सवाशीणच राहिली नाही, मग हे कशाला?" म्हणत त्यांनी कोयता घेतला आणि मल्ली बुडापासून छाटून टाकली. विद्यालक्ष्मी शाळेत शिकवून परत आली तेव्हा जमिनीपासून वीतभर खुंट तेवढा उरला होता. ती दुसऱ्या दिवसापासून कपडे धुतलेले शेवटचे पाणी त्या खुंटावर ओतू लागली.

आता गंमत बघा. मल्ली थंडीत अशी निर्दयपणे छाटली तरच उन्हाळ्यात भरभरून येते, हे अनंतराव दरवर्षी सांगायचे, आणि कात्री हातात घेतली की दरवर्षी त्यांचाच हात कचरायचा. दोन फांद्या कापून, "बिचारी" म्हणून सोडून द्यायचे. जे काम त्यांना मायेने जमले नाही, ते अक्कांनी रागाने चोख केले. झाडाने रागलोभ काही धरला नाही. ते आपले फुलले.

आज त्याच कळ्यांचा गजरा आपल्या हाताने ओवून लेकीच्या केसांत माळायचा, आणि लेकीच्या साखरपुड्याचे ताट आपल्या हाताने द्यायचे, एवढेच विद्यालक्ष्मीच्या मनात होते. आणि नेमके तेच तिला करायला मिळणार नव्हते.

कारण काल दुपारीच अक्कांनी सगळे ठरवून टाकले होते. या तंजावरी मराठी घरांतल्या साखरपुड्यात दोन्हीकडचे लोक विडे, फळे, फुले ठेवलेली ताटे एकमेकांच्या हातात देतात. ताट बदलले की शब्द पक्का, मग त्याला मागे फिरणे नाही. मुलीकडचे ताट आईवडिलांनी द्यायचे. वडील नाहीत, म्हणून ते धाकटे काका दत्ताजी आणि काकू सुष्मिता देणार. आईने काय करायचे, हे कुणी विचारलेच नाही. आईने ताट बदलून होईपर्यंत आतल्या खोलीत बसायचे, हे जणू पंचांगातच छापलेले होते. विद्यालक्ष्मी गप्प राहिली, आणि आपल्याकडे बाई गप्प राहिली की तिचा होकार धरतात.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात कळ्या ओवायला लागली, तसा अक्कांचा आवाज आला.

"काय करतीस ते, विद्ये?"

"गजरा करते, अक्का. जननीसाठी."

"कशास? दत्त्यानं कोयंबेडूच्या बाजारातून पू आणलं आहे की. तेच घालायचं पोरीच्या डोस्कीत. तू बांधलेलं नक्को."

तंजावरहून आलेल्या या घराची भाषा अशीच होती. झाडावर असेपर्यंत ते मराठी 'फूल', आणि डोक्यात गेले की तमिळ 'पू'. झाडे लावायला पूर्वज येतानाच शिकून आले असतील, पण रोज फुले माळावीत हे इथल्या शेजारणींकडून शिकले, म्हणून शब्दही त्यांचाच घेतला. कुणाला त्यात काही वावगे वाटत नसे.

"का नको?" विद्यालक्ष्मीने दोऱ्याची गाठ मारत विचारले.

"मज विचारतीस? तुज ठाऊक नाही काय?"

"ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

अक्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शुभाच्या कामास असल्या हातचं चालत नाही. मी केलं हा नेम? पिढ्यान् पिढ्या आहे."

"याच हातांनी तिला न्हाऊमाखू घातलं, अक्का."

"तेव्हा माझा अनंता होता," अक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अचानक फाटला.

दत्ताजी कॉफीचा टंबलर घेऊन दारात उभे होते. दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या खानदानात नव्हता. "वैनी," ते हळूच म्हणाले, "अक्काचं वय झालं. उगी कशास? सेरी, बरं म्हणा नी सोडून द्या."

"तुम्हाला काय वाटतं, भावजी? मी ताट दिलं तर जननीचं वाईट होईल?"

"छे छे! मज तसं काही वाटत नाही."

"मग सांगा ना तसं अक्कांना."

दत्ताजींनी टंबलरमध्ये पाहिले. कॉफी संपली होती, तरी ते आणखी आणतो म्हणून आत गेले आणि परत आलेच नाहीत. सुष्मिता मात्र ताट पुसता पुसता म्हणाली, "मज काही हौस नाही हो, जाऊबाई. अक्का म्हणाल्या म्हणून." हौस नव्हती, पण त्या ताटासाठी मुद्दाम नवा जरीकाठाचा ब्लाउज शिवून झाला होता, आणि त्याची बाही बरोबर बसते का हे सकाळपासून तीनदा आरशात पाहून झाले होते.

विद्यालक्ष्मीने कळ्या, दोरा, डबा उचलला आणि मागच्या अंगणात जाऊन ओवायला बसली. चालत नसेल तर नसेल. ओवायला तरी कुणाची परवानगी लागत नाही.

तिथे जननी आली. हातांवर मरुदाणीचे, म्हणजे मेंदीचे लाल ठिपके, डोळ्यांत अपुरी झोप. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात पंधरा माणसांवर हुकूम चालवणारी ही मुलगी घरात भांडण सुरू झाले की लहान व्हायची.

"अम्मा, प्लीज. एकच दिवस. अ‍ॅडजस्ट कर ना."

विद्यालक्ष्मीचा हात थांबला. हे अक्कांकडून आले असते तर तिने ऐकून सोडले असते. लेकीकडून ते येईल, असे तिला वाटले नव्हते.

"रघूच्या गृहप्रवेशाला म्हणाले, एकच दिवस, मागच्या रांगेत बस. हरिप्रियेच्या डोहाळजेवणाला म्हणाले, एकच दिवस, बांगड्या भरायला पुढे येऊ नको. असे एकेक करत वर्ष गेलं, जननी. आता तू पण म्हण."

"मी काय करू? आत्या उपाशी बसेन म्हणतात. देवेशच्या घरच्यांसमोर सीन नको, अम्मा."

"मी सीन आहे?"

"तसं नाही म्हणाले मी!" जननीच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिची मराठी संपली. पुढचे ती तमिळमध्ये बोलली, की लग्न झाल्यावर सगळे तुझ्या मनासारखे करू, आज फक्त निभावून ने. विद्यालक्ष्मीने ओवलेला गजरा ओल्या केळीच्या पानात गुंडाळला. तिला राग आला होता, आणि रागाहून जास्त वाईट वाटत होते.

ऊन उतरल्यावर मंडळी आली. देवेशचे आईवडील मूळ नाशिकचे, मुलाची नोकरी इथे म्हणून शोळिंगनल्लूरला येऊन राहिलेले. तंजावरी मराठी ऐकली की आधी गोड हसायचे आणि मग अर्धे सोडून द्यायचे. हॉलमध्ये सतरंजी अंथरली होती, विड्यांची ताटे मांडली होती, जननीच्या वेणीत कोयंबेडूचे पू होते. उन्हातून प्रवास करून आल्याने त्याच्या पाकळ्यांच्या कडा आताच तांबूस पडायला लागल्या होत्या.

आतल्या खोलीत विद्यालक्ष्मी पलंगाच्या कडेवर बसली होती. हातात केळीच्या पानाची पुडी. कळ्या उमलायला लागल्या होत्या, पुडीतून वास सुटला होता. दार अर्धवट लोटलेले, त्यातून आवाज येत होते.

"विद्याताई कुठे आहेत?" विहीणबाईंचा आवाज. "आता बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे, बरी आहे. आत आहे," अक्का घाईने म्हणाल्या. "तुम्ही बसून घ्या."

"नाही हो, आधी त्यांना भेटते. त्यांना उठायला नको लावायला."

आणि कुणी अडवायच्या आत विहीणबाई दार ढकलून आत आल्या. त्यांनी विद्यालक्ष्मीकडे असे पाहिले की जणू ती काचेची आहे. मग हलकेच तिच्या शेजारी बसल्या, आवाज खाली आणला.

"उठू नका, उठू नका. किती सोसलंत तुम्ही! आणि आम्हाला एका शब्दानं नाही सांगितलंत."

विद्यालक्ष्मीला वाटले, ह्या अनंतरावांबद्दल बोलतायत. "आता वर्ष झालं त्याला," ती म्हणाली.

"वर्ष होऊ दे नाहीतर दोन. मेंदूचं दुखणं ते. डोक्यात पू होणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे?"

"काय होणं?"

"पू हो. अक्काच बोलल्या फोनवर, विद्याच्या डोक्यात पू नाही आता, ती पुढे यायची नाही. मी यांना म्हटलं, ऑपरेशन करून काढला असणार, म्हणून आता नाही म्हणतायत. अशक्तपणा असेल, म्हणून पुढे येऊन बसवत नसेल. खरं सांगू? आमच्या यांनी तर ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, की हे घराण्यात उतरतं का. रागावू नका. मुलाचे आईबाप आम्ही, जीव भितो."

ध चा मा म्हणतात तो हाच. विद्यालक्ष्मी एकदम हसायलाच लागली. तोंडावर पदर धरला, तरी हसू थांबेना. वर्षभरात या घराने तिचे हसणे ऐकले नव्हते, त्यामुळे हॉलमधले बोलणे एकदम बंद पडले. जननी धावत आली. मागोमाग दत्ताजी, सुष्मिता, देवेश, आणि दारात अक्का.

"अम्मा, काय झालं?"

"माझ्या डोक्यात पू झाला होता म्हणे, जननी! ऑपरेशन करून काढला!"

जननीला मराठीतला पू ठाऊकच नव्हता. देवेशने तिच्या कानात त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा ती ओरडली, "अय्यो!" दत्ताजी खोकण्याचे निमित्त करून भिंतीकडे वळले.

"ताई," विद्यालक्ष्मीने डोळे पुसले, "आम्ही पू म्हणतो फुलाला. डोक्यात घालायच्या फुलाला. आमच्या अक्का तेच म्हणाल्या. माझ्या डोक्यात फूल नाही."

"फूल!" विहीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मग मी कशाला घाबरले एवढी! पण... फूल नाही म्हणून पुढे यायचं नाही? म्हणजे काय?"

आता कुणी हसले नाही. सगळ्यांना उत्तर ठाऊक होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याने ते द्यावे म्हणून थांबला होता. अक्का पदराचे टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

"म्हणजे माझा नवरा गेला," विद्यालक्ष्मी म्हणाली. "म्हणून माझ्या लेकीचं ताट मी द्यायचं नाही. माझ्या झाडाचं फूल मी ओवून तिला माळायचं नाही. ताट बदलेपर्यंत या खोलीत बसायचं. आणि ते तुम्हाला मी सांगायच्या आधीच फोनवर सांगून झालं होतं. मला ते आत्ता कळलं."

विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. ते हॉलमध्ये पाण्याचा पेला धरून उभे होते. "आमच्याकडेही असतं हो," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "फुलाचं नाही, हळदीकुंकवाचं. तुमच्या घरातलं तुम्ही ठरवा. आम्ही काय बोलणार?"

म्हणजे तिकडूनही कुणी धावून येणार नव्हते. विद्यालक्ष्मीला उलट बरे वाटले. कुणी हात धरून बाहेर नेले असते, तर जन्मभर त्याचे उपकार राहिले असते. ती उठली. पुडी सोडली. संध्याकाळच्या उकाड्यात मल्लीचा वास असा पसरला की कोयंबेडूच्या फुलांना वास होता हेही कुणाला आठवेना. तिने गजऱ्याचा हातभर तुकडा दातांनी तोडला आणि सगळ्यांच्या देखत, आरसाही न पाहता, आपल्या अंबाड्याभोवती गुंडाळला.

"विद्ये!" अक्का ओरडल्या. "लाज नाही वाटत? त्याला जाऊन दोन पावसाळे नाही झाले!"

"वाटते, अक्का. वर्षभर दारामागे बसले त्याची वाटते."

"मी बाविशीत पू काढलं. पुन्हा हात नाही लावला. मज कुणी विचारलं का, राजसा, तुज हवं काय म्हणून?"

"नाही विचारलं," विद्यालक्ष्मी म्हणाली. "तुमच्यावर अन्याय झाला. तो झाला म्हणून मलाही व्हावा, आणि उद्या जननीलाही व्हावा, हा कुठला न्याय? त्यांनी हे झाड माझ्यासाठी लावलं होतं, अक्का. शाळेतून दमून येते, वास आला की बरं वाटेल म्हणून. ते गेले म्हणून झाड माझं नाही राहिलं?"

अक्कांनी दत्ताजींकडे पाहिले. "दत्त्या, तू सांग इला."

दत्ताजींनी आयुष्यात पहिल्यांदा एक दगड निवडला. फार मोठा नव्हता तो, पण निवडला. "अक्का," ते म्हणाले, "मज ताट द्यायला जमायचं नाही. माझा हात आखडला आहे सकाळपासून."

सुष्मिताने नवऱ्याकडे बघितले, मग आपल्या नव्या बाहीकडे, मग ताटाकडे. एक क्षण तिने ते घट्ट धरले. नंतर ते पुढे केले. "घ्या जाऊबाई. जड आहे हे. मज एकटीस कसं पेलेल?" आणि हळूच, "ब्लाउज लग्नात घालीन की."

राहिली होती जननी. ती आईच्या समोर आली. तिने वेणीत हात घातला, कोयंबेडूचे फुललेले-कोमेजलेले पू ओढून काढले आणि टेबलावर ठेवले. मग पाठ वळवून उभी राहिली.

"अम्मा, तू ओवलेलं घाल."

"आत्या उपाशी राहतील."

"राहू देत. एकच दिवस," जननी म्हणाली. "अ‍ॅडजस्ट करतील."

विद्यालक्ष्मीने उरलेला गजरा लेकीच्या वेणीत माळला. पिन दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बसली. मग ती ताट घेऊन हॉलमध्ये गेली आणि सतरंजीच्या मध्यावर, अनंतरावांनी बसायचे तिथे बसली. शेजारची जागा तिने मोकळी ठेवली. कुणी तिथे बसायला आले नाही, आणि ते तिला बरोबर वाटले. विहीणबाई समोर बसल्या. दोन ताटे एकमेकांना लागून किणकिणली आणि हात बदलून गेली. शब्द पक्का झाला.

ताट मांडीवर घेता घेता विहीणबाईंनी वाकून विचारले, "आता कसं वाटतंय?"

"डोक्यात पू आहे, ताई," विद्यालक्ष्मी म्हणाली. "भरपूर."

त्यावर विहीणबाई अशा हसल्या की त्यांच्या ताटातली सुपारी घरंगळत थेट अक्कांच्या पायाशी गेली. अक्का दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, पाठ ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. निघून जाईन म्हणाल्या होत्या, पण गेल्या नव्हत्या. पान वाढले तेव्हा त्यांनी ते सरकवले. गोडाचा घास सुष्मिताने पुढे केला, तोही नाकारला. सुंभ जळाला तरी पीळ कसा जाईल? आणि पीळ गेला असता, तर त्या राजसअक्का राहिल्या नसत्या.

पाहुणे गेल्यावर विद्यालक्ष्मी ताटे उचलत होती. अंबाड्यातली फुले आता पुरती उमलली होती. खुर्चीपाशी ती वाकली, तशा अक्का भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मार्गळी येऊ दे. मी परत येते. ते झाड पुन्हा छाटते की नाही बघ."

विद्यालक्ष्मीने त्यांच्या पायाजवळची सुपारी उचलून ताटात ठेवली.

"छाटा, अक्का," ती म्हणाली. "अगदी बुडापासून छाटा."